बर्फ पुढे धावतो, तोंड मागे सरतं

कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, म्हादई. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत आपल्या सगळ्या नद्या पावसाच्या. हिमनदी आपल्याला भेटते ती शाळेच्या भूगोलात, नाहीतर गंगोत्रीच्या यात्रेत, आणि तीही डोंगरातच वितळून संपणारी. अलास्का, ग्रीनलंड, उत्तर ध्रुवाजवळची स्वालबार्ड बेटं इथल्या कित्येक हिमनद्या मात्र थेट समुद्रात उतरतात. त्यांचं तोंड खाऱ्या पाण्यात उभं असतं आणि तिथले कडे तुटून हिमनग होतात. बातम्यांत त्यांच्याबद्दल एका दमात दोन गोष्टी येतात: बर्फ पूर्वीपेक्षा वेगाने वाहतोय आणि हिमनदी मागे हटतेय. बेळगावातला वाचक इथे अडखळला तर त्यात नवल नाही. वाहणं बर्फाचं, हटणं तोंडाचं. येतो त्याहून जास्त बर्फ तुटला आणि वितळला की तोंड मागे सरतं, मग आतला बर्फ कितीही धावत येवो.

या हटण्याची जुनी आणि ठळक नोंद अलास्कातल्या ग्लेशियर बे या खाडीची. 1750 च्या सुमारास बर्फ इथे सर्वांत पुढे आला होता. त्याने आपल्या वस्त्या गिळल्याची आठवण तिथल्या ट्लिंगिट लोकांच्या मौखिक परंपरेत आजही आहे. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं होड्यांनी तिथे पोचली, तेव्हा खाडीच्या मुखापासून थोड्याच अंतरावर बर्फाची भिंत होती. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर ट्लिंगिट वाटाड्यांबरोबर गेला तोवर ती भिंत 50 किलोमीटरपेक्षा जास्त मागे गेली होती, आणि 1916 पर्यंत जवळपास 100 किलोमीटर. मोटारी आणि औष्णिक वीजकेंद्रं जगभर पसरण्याआधीच हे बहुतेक घडून गेलं. त्यावर बोट ठेवून 'हे पूर्वीपासूनच चालत आलंय, तापमानवाढीचा यात हात नाही' असं म्हणणारे भेटतात. दाखला खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट.

कारण या हिमनद्यांना स्वतःचं एक चक्र असतं. पुढे सरकताना हिमनदी तोंडापाशी दगडगोटे आणि गाळ यांचा बांध रचते, म्हणजे हिमोढ. चोर्ला घाटाच्या चढावर बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, तसं काम हा बांध करतो. त्याच्या टेकूने तोंड शतकानुशतकं टिकतं, हळूहळू पुढेही जातं. बर्फ पातळ होऊन तोंड एकदा का बांधावरून मागे खोल पाण्यात आलं, की टेकू सुटतो. आतला बर्फ समुद्राकडे धावतो, ताणला जातो, आणखी पातळ होतो आणि भराभर तुटतो. पुढे उथळ जागा किंवा खाडीचा अरुंद भाग मिळेपर्यंत ही माघार थांबत नाही. शतकांची चाल काही दशकांत उलटते.

अलास्कातल्याच कोलंबिया हिमनदीवर हे सगळं आधीच ओळखलं गेलं होतं. व्हँकूव्हरच्या काळापासून तिचं तोंड जवळपास जागच्या जागी होतं. 1970 च्या दशकात ऑस्टिन पोस्ट या अभ्यासकाने ती मोठ्या माघारीच्या उंबरठ्यावर असल्याचा इशारा दिला, आणि 1980 च्या सुमारास माघार सुरू झाली. आजवर ती 20 किलोमीटरपेक्षा जास्त हटली आहे. तिच्या तुटक्या बर्फाने जहाजांची वाटही अडवली. 24 मार्च 1989 ला एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज तो बर्फ चुकवायला नेहमीचा मार्ग सोडून गेलं आणि ब्लाय रीफ या खडकावर आदळलं. सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. दोष चुकीच्या सुकाणूचाच, पण बर्फ तिथे का होता याचं उत्तर हिमोढापाशी आहे.

मग तापमानवाढीचा वाटा कुठे? टेकू सुटतो तो बर्फ पातळ झाल्यावर, आणि त्याला पातळ करतात गरम हवा आणि तळाशी घुसणारं कोमट समुद्राचं पाणी. ग्रीनलंडमधल्या याकोब्सहावन हिमनदीत 1997 च्या सुमारास असं पाणी शिरलं. तिचा तरंगणारा पुढचा भाग 2003 पर्यंत मोडून पडला आणि वेग दुप्पट झाला. 2012 च्या उन्हाळ्यात ती दिवसाला 46 मीटर वाहत होती. 2016 नंतर खाडीत थंड पाणी आलं तशी ती काही वर्षं मंदावली, जाडही झाली. अलास्कातली हबर्ड तर शतकभर पुढेच सरकते आहे. 1986 आणि 2002 मध्ये तिने एका फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीचं, तोंडच बंद केलं होतं. म्हणून एकाच हिमनदीवरून हवामानाचा निकाल देऊ नये. शेकडो हिमनद्या एकाच काळात मागे जाऊ लागल्या तर मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या चक्राचं कारण पुरत नाही, आणि ग्रीनलंडभोवती सध्या तेच दिसतं.

पाण्याचं तापमान सलग मोजणं म्हणूनच महत्त्वाचं. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डन या खाडीतही हिमनद्या समुद्रात तुटतात. त्याच्या काठी 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, आणि जुलै 2014 मध्ये भारताने 'इंडआर्क' ही उपकरणांची साखळी त्याच पाण्यात सोडली. ही कामं पाहणारी राष्ट्रीय संस्था चोर्ला उतरून गेलं की वास्कोला आहे.