डीमन.जेसन, सिस्टिमडी आणि ‘होस्ट्स’चा घोळ : पार्श्वभूमी

लिनक्स सर्व्हरवर डॉकर डीमनची (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यांत चालवणाऱ्या डॉकरच्या, पडद्यामागे सतत चालू असलेल्या सेवेची) सेटिंग्ज ‘/इटीसी/डॉकर/डीमन.जेसन’मध्ये लिहायची, ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. डॉकर मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आला आणि ही फाइल फेब्रुवारी २०१६ मध्ये, १.१० आवृत्तीबरोबर आली. तोवर सगळा कारभार फ्लॅगवर, म्हणजे कमांडला जोडलेल्या पर्यायांवर, चालायचा. डीमन सुरू करायची कमांडही बदलत गेली: आधी ‘डॉकर -डी’, मग १.८ पासून ‘डॉकर डीमन’ आणि १.१२ पासून स्वतंत्र ‘डॉकरडी’.

हे फ्लॅग उबुंटूवर ‘/इटीसी/डीफॉल्ट/डॉकर’मध्ये असत, सेंटओएसवर ‘/इटीसी/सिसकॉन्फिग/डॉकर’मध्ये. उबुंटू १४.०४ वरून १६.०४ वर आलेल्यांना याचा फटका बसला. सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणारा अपस्टार्ट जाऊन त्याच कामासाठी सिस्टिमडी आला, जुनी फाइल जागच्या जागी राहिली, पण ती वाचणारं कोणी उरलं नाही. एररही येत नसे. डेटा ‘-जी’ फ्लॅगने दुसऱ्या डिस्कवर ठेवलेला असला, तर डीमन मुकाट्याने ‘/व्हार/लिब/डॉकर’कडे बघायचा आणि इमेजेसची (कंटेनर ज्यांवरून बनतात त्या साच्यांची) यादी रिकामी दिसायची.

नव्या फाइलने हा गोंधळ मिटायला हवा होता. पण एक निर्णय असा झाला की त्याबद्दल अजून कुरकुर चालते. एकच सेटिंग फ्लॅगमध्येही असेल आणि फाइलमध्येही, तर डीमन कोणा एकाचं ऐकत नाही. तो सुरूच होत नाही. दोन्हीकडची किंमत सारखी असली तरीही. बहुतेक सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅग वरचढ ठरतो आणि फाइल मागे पडते. इथे तसं न करण्यामागचा युक्तिवाद असा, की टीसीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून डीमनशी बोलण्याचं दार, उघडण्यासारखी गोष्ट अंदाजाने ठरवू नये. २३७५ पोर्टवर टीएलएसशिवाय (एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणीशिवाय) उघडा राहिलेला डीमन म्हणजे सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकार, परक्याच्या हातात, त्यामुळे युक्तिवाद पोकळ नाही. अडचण ही, की टक्कर घडवणारा फ्लॅग सर्व्हर सांभाळणाऱ्याने दिलेलाच नसतो. पॅकेजबरोबर येणाऱ्या युनिट फाइलमध्येच (सेवा कशी सुरू करायची हे सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘-एच एफडी://’ लिहिलेलं असतं, कारण सॉकेट (डीमनशी बोलण्याचं ठिकाण) आधी सिस्टिमडी उघडतो आणि मग डीमनच्या हवाली करतो. म्हणजे ‘होस्ट्स’ (डीमनने कुठे ऐकायचं ते; फ्लॅगमध्ये हेच ‘-एच’) ही डीमन.जेसनमधली अधिकृत सेटिंग, आणि ती लिहिली की त्याच प्रकल्पाची युनिट फाइल तिला आडवी येते. डेबियन-उबुंटूवर हे आधीपासून होतं. आरपीएमवाल्यांची (सेंटओएससारख्यांची) युनिट फाइल बरीच वर्षं बिनफ्लॅगची होती. तिथे हा फ्लॅग १८.०९ च्या सुमारास, २०१८ अखेर आला आणि साध्या अपडेटनंतर चालते सर्व्हर अडकले.

लक्षण ठरलेलं. ‘रीस्टार्ट=ऑल्वेज’ असल्यामुळे सिस्टिमडी लागोपाठ प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा हात टेकतो आणि स्टेटसमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ एवढंच ठळक दिसतं. खरं कारण ‘जर्नलसीटीएल -यू डॉकर’मध्ये सापडतं. उपाय ड्रॉप-इनचा, म्हणजे मूळ युनिट फाइलवर चढवायच्या छोट्या पूरक फाइलचा: ‘सिस्टिमसीटीएल एडिट डॉकर’ करून ‘[सर्व्हिस]’खाली आधी रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ (डीमन सुरू करायची कमांड) ओळ लिहायची, तिच्याखाली मूळ ओळ ‘-एच’चा भाग वगळून. रिकामी ओळ विसरलात तर दोन एक्झेकस्टार्ट झाले म्हणून सिस्टिमडीच नकार देतो. मग डीमन.जेसनमधल्या ‘होस्ट्स’मध्ये टीसीपीच्या जोडीला ‘एफडी://’ लिहायचं. नुसतं टीसीपी ठेवलं तर त्याच सर्व्हरवरची साधी ‘डॉकर पीएस’ही चालत नाही. मूळ युनिट फाइलला हात लावू नये; पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

इतर सेटिंग्जचा इतिहास इतका वादाचा नाही. कंटेनरच्या नोंदी साठवणाऱ्या ‘जेसन-फाइल’ लॉग ड्रायव्हरला मुळात आकाराची मर्यादा नाही, म्हणून ‘मॅक्स-साइज’ १०एम (१० मेगाबाइट) आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ देण्याची रीत पडली. तो ३ अवतरणचिन्हांत हवा. उघडा आकडा दिला की डीमन पुन्हा अडतो. आणि हे फक्त नव्या कंटेनरला लागू होतं, जुने जुन्याच पद्धतीने डिस्क भरत राहतात. १८.०९ मध्ये आलेला ‘लोकल’ ड्रायव्हर हे स्वतःच सांभाळतो.

सीग्रुप ड्रायव्हरचा (कंटेनरला किती मेमरी-प्रोसेसर मिळेल ते आखणाऱ्या लिनक्सच्या सीग्रुप यंत्रणेशी जोडणाऱ्या भागाचा) प्रश्न कुबरनेटिसमुळे (अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीमुळे) चिघळला: क्युबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवरचा (सर्व्हरवरचा) तिचा प्रतिनिधी, एका ड्रायव्हरवर आणि डॉकर दुसऱ्यावर असला की नोड उभा राहत नसे. त्यासाठी ‘एक्झेक-ऑप्ट्स’मध्ये सिस्टिमडी लिहावं लागायचं. २०.१० पासून (डिसेंबर २०२०) सीग्रुप व्ही२ असलेल्या सर्व्हरवर तोच आपोआप निवडला जातो, आणि २०२२ मध्ये कुबरनेटिस १.२४ ने डॉकरशी थेट जोड काढून टाकल्यावर त्या जुन्या ओळीचं काम बव्हंशी संपलं. तरी ती अनेकांच्या फाइलमध्ये अजून आहे. डिव्हाइसमॅपर या जुन्या स्टोरेज ड्रायव्हरची ओळ तशीच पडून असेल तर मात्र खैर नाही: २५.० मध्ये तो ड्रायव्हरच काढून टाकला, त्यामुळे अपग्रेडनंतर डीमन उठत नाही.

२३.० मध्ये, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला, ‘डॉकरडी --व्हॅलिडेट’ आलं. चुकीचा स्वल्पविराम, अनोळखी सेटिंग, उघडा आकडा हे सगळं ते रीस्टार्टआधी पकडतं. ‘होस्ट्स’ची टक्कर मात्र नुसत्या कमांडला कळत नाही, कारण युनिट फाइलमधला ‘-एच’ तिला दिसतच नाही. ती पकडायची तर ‘सिस्टिमसीटीएल कॅट डॉकर’ने एक्झेकस्टार्टची ओळ बघून तिच्यातले फ्लॅग तसेच्या तसे व्हॅलिडेटलाही द्यावे लागतात.