‘बटन दाबून राहिलो, पण काहीच होऊन नाही राहिलं’

आंबिया बहाराचे दिवस. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याला मी संत्र्याच्या क्रेट्सची नोंद ठेवणारं छोटं वेब अ‍ॅप करून दिलं होतं. सकाळी सातला फोन आला, “भाऊ, बटन दाबून राहिलो, पण काहीच होऊन नाही राहिलं.” माझ्या लॅपटॉपवर सगळं ठणठणीत. सर्व्हरच्या लॉगमध्येही शांतता. चूक घडली होती त्यांच्या मोबाइलमध्ये, आणि ती माझ्यापर्यंत पोचेल अशी पुरती सोय मी केली नव्हती.

जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत एखादं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, अडलं की ते एरर फेकतं. ती आधी त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे जाते, त्यानं झेलली नाही तर त्याच्याही वरच्याकडे. अगदी वरपर्यंत कुणीच झेललं नाही, तर ब्राउझर ती कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या लपलेल्या खिडकीत) लाल अक्षरांत लिहितो, ते काम तिथंच सोडतो आणि पुढच्या कामाला लागतो. पान दिसत राहतं, बटन मेलेलं असतं. आणि कळमन्यात कन्सोल उघडून कोण बघणार?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. एरर झेलणारं ‘ट्राय-कॅच’ प्रमाण भाषेत आलं ते १९९९ मध्ये. मग सगळीकडे ट्राय-कॅचच का लावू नये? कारण ते समोर घडणारंच झेलतं. पाहुण्याला नागपूर स्टेशनवर गाडीत बसवताना तुम्ही त्याचा हात धराल. पण तो इटारसीला उतरताना घसरला, तर तोवर तुम्ही घरी चहा पीत असता. सेटटाइमआउटला, म्हणजे ‘थोड्या वेळानं कर’ म्हणून, दिलेलं काम असंच गाडीत बसवलेलं असतं. ते चालू होतं तेव्हा भोवतीचा ट्राय केव्हाच संपलेला असतो.

म्हणून अख्ख्या अ‍ॅपसाठी शेवटची जाळी लागते. ब्राउझरमध्ये ती दोन ठिकाणी बांधावी लागते. विंडोवरचा, म्हणजे अख्ख्या पानाचा, ‘एरर’ हा इव्हेंट (काही घडल्याची सूचना) साध्या चुका पकडतो. प्रॉमिस, म्हणजे ‘उत्तर नंतर देतो’ हे वचन, फसलं आणि कुणी विचारपूस केली नाही, तर ‘अनहँडल्डरिजेक्शन’ हा वेगळा इव्हेंट येतो. मी पहिलीच बांधली होती, आणि सर्व्हरशी होणारी बहुतेक बोलणी प्रॉमिसमधून चालतात हे सोयीस्करपणे विसरलो होतो. जाळीत पडलेला मजकूर, फाइल, ओळ आणि स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी) सर्व्हरकडे पाठवायचा. दुसऱ्या डोमेनवरून आणलेल्या स्क्रिप्टची चूक असेल तर मात्र ब्राउझर सुरक्षेपोटी फक्त ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच सांगतो. तपशील हवा तर स्क्रिप्टच्या टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ लिहावं लागतं आणि पलीकडच्या सर्व्हरनंही परवानगीचा हेडर द्यावा लागतो.

इथंच बरेच जण घसरतात. जाळीत चूक पडली, म्हणजे अ‍ॅप सावरलं असं त्यांना वाटतं. जाळी खबर देते, मोडलेलं जोडत नाही. नोंद अर्धी लिहून फंक्शन कोलमडलं, तर ती अर्धीच राहते. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत, हे फार स्पष्ट आहे: न झेललेली एरर आली की प्रोसेस बंद पडते, आणि २०२० मधल्या नोड १५ पासून फसलेल्या, न झेललेल्या प्रॉमिसलाही तोच नियम. ‘अनकॉटएक्सेप्शन’ या इव्हेंटनं एरर पकडून गाडा तसाच रेटणं धोक्याचं. लॉग लिहा, बंद पडू द्या, पीएम२सारख्या राखणदाराला नव्यानं सुरू करू द्या. रिअ‍ॅक्ट या स्क्रीन रचणाऱ्या लायब्ररीनंही २०१७ च्या सोळाव्या आवृत्तीपासून, एरर बाउंड्रीनं (स्क्रीनच्या एखाद्या भागाभोवतीच्या जाळीनं) झेललं नाही तर सगळी स्क्रीन काढून टाकायला सुरुवात केली. पैशाच्या अ‍ॅपमध्ये चुकीची रक्कम दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेलं बरं, हे त्यांचं म्हणणं. अडत्याच्या हिशेबात चाळीसचे चारशे क्रेट झाले तर काय होईल याची कल्पना करा, लगेच पटतं.

दुसरी जाळी बांधली आणि त्याच संध्याकाळी मासा लागला: ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’. एका गाडीच्या मालाला प्रतच (दर्जाच) लिहिलेली नव्हती आणि माझा कोड त्या नसलेल्या प्रतीचा भाव विचारत होता. फक्त खबर एकदा नाही, रात्रभरात शेकड्यांनी आली. कारण पान दर काही सेकंदांनी आपोआप ताजं होत होतं. आता तीच एरर मिनिटाला एकदाच पाठवतो.