लेण्यांचं ऑनलाइन तिकीट: पैसे भरूनही माणसं फाटकावरून परत का येतात

अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी या तिन्ही ठिकाणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ऑनलाइन तिकीट चालतं. खिडकीवर रोख दिले तर 40 रुपये, ऑनलाइन 35. परदेशी पाहुण्यांना रोखीनं 600, ऑनलाइन 550. सार्क आणि बिमस्टेक देशांतल्या पाहुण्यांना, म्हणजे नेपाळ, श्रीलंका, थायलंड वगैरे, आपलाच दर. बीबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला खालच्या गटात आहेत, तिथे आपल्याला रोख 25 आणि ऑनलाइन 20. ऑगस्ट 2018 पासूनचे हे दर. ठिकाण निवडायचं, तारीख निवडायची, नावं भरायची, यूपीआयनं पैसे द्यायचे. क्यूआर कोड असलेलं तिकीट येतं आणि फाटकावर ते स्कॅन होतं. फॉर्ममध्ये अवघड काही नाही. अडतं ते फाटकावर.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ओळखपत्रापाशी. तिकिटाची अट स्पष्ट आहे: छायाचित्र असलेलं मूळ ओळखपत्र दाखवायचं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका लेण्याच्या फाटकाशी जालन्याहून आलेले एक आजोबा पाऊण तास उभे होते. खिशात आधारची झेरॉक्स, घड्या पडून पडून मधोमध विरलेली. मूळ कार्ड प्रवासात हरवेल म्हणून सुनेनं कपाटात ठेवलेलं. तिकीट पुण्यातल्या नातवानं काढलेलं आणि त्यात आजोबांच्या नावापुढे नातवाचाच आधार क्रमांक. त्यानं सहा जणांसाठी एकच क्रमांक सहा वेळा टाकला होता, कारण फॉर्म पुढे सरकत होता. फॉर्म पुढे सरकला म्हणजे माहिती बरोबर आहे, असं नसतं. ई-तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, रद्दही होत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. शेवटी आजोबांनी खिडकीवर पुन्हा 40 रुपये दिले आणि आत गेले. रक्कम फार नाही, पण पंचाहत्तरीच्या माणसाला उन्हात उभं ठेवायचं काही कारण नव्हतं. ‘मूळ ओळखपत्र सोबत आणा’ ही एक ओळ तिकिटाच्या माथ्यावर ठळक मराठीत छापली, तर निम्मी भांडणं तिथल्या तिथे मिटतील.

म्हणून घरातल्या सगळ्यांचं तिकीट एकानं काढलं तरी प्रत्येकाच्या नावापुढे त्याचाच क्रमांक टाका, आणि जे ओळखपत्र फॉर्ममध्ये लिहिलं तेच सोबत घ्या. डिजिलॉकरमधलं आधार कायद्यानं मूळ कागदाच्याच तोडीचं आहे, हे फाटकावर शांतपणे सांगा. मात्र ते ॲप उघडायला रेंज लागते, आणि डोंगराच्या कुशीत रेंज मिळेलच असा भरवसा धरू नका. तिकिटाची पीडीएफ आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आजी-आजोबांसाठी कागदावर छापून द्या.

दुसरी अडचण परदेशातून आलेल्या आपल्याच माणसांची. अमेरिकेहून पुतणी आली की घरचे उत्साहानं सगळ्यांची तिकिटं ‘भारतीय’ म्हणून काढतात. फाटकावर तिच्या हातात अमेरिकी पासपोर्ट दिसतो आणि तिला 600 रुपयांच्या रांगेत पाठवतात. काही घरं उलट चूक करतात: पासपोर्ट परदेशी आहे म्हणून आधीच 550 भरून मोकळी होतात, आणि ते पैसे परत येत नाहीत. केंद्र सरकारच्या मार्च 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या कार्डाच्या धारकाला, राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत भारतीय नागरिकाइतकंच प्रवेश शुल्क आहे. हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण तो सिद्ध करायला ओसीआय कार्ड हातात हवं, आणि ते नेमकं काकूंच्या घरी मोठ्या बॅगेत राहिलेलं असतं. कार्डाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो सहसा चालत नाही. माझा सल्ला असा, की अशा पाहुण्याचं तिकीट ऑनलाइन काढूच नका. कार्ड दाखवून खिडकीवर 40 रुपयांत घ्या; पाच रुपयांची सूट गेली तर जाऊ द्या.

मुलांना पंधरा वर्षांपर्यंत तिकीट नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दहावीच्या सहलीला याच नियमानं घाम फोडला आहे. एकाच वर्गात कुणी चौदा पूर्ण, कुणी सोळाव्यात. ‘सगळी शाळेचीच मुलं आहेत’ हे उत्तर तिथे पुरत नाही. सहल काढणाऱ्या सरांनी शाळेच्या लेटरहेडवर मुलांची नावं आणि जन्मतारखा टाइप करून मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्यावा, आणि सोळाव्यात गेलेल्यांची तिकिटं आधीच काढून ठेवावीत.

वाराचा घोळ तर दर महिन्याला पाहते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी. लोक सोमवारी घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, मुक्काम करतात आणि मंगळवारी सकाळी शेजारच्याच लेण्यांपुढे येऊन बंद फाटक बघतात. सोमवारी दर्शन झालं की त्याच दिवशी वेरूळ उरका, आणि मंगळवारी अजिंठ्याला निघा.

आता ‘एकच तिकीट’ या गैरसमजाबद्दल. पुरातत्त्व खात्याचं तिकीट फक्त लेण्यांचं असतं. अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबते, तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनं, आणि त्या बसचं तिकीट वेगळं. मुंबईत कान्हेरीला आधी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क, मग लेण्यांचं. घारापुरीला गेटवेवरून लाँचचे पैसे वेगळे, बेटावर ग्रामपंचायतीचा कर वेगळा. पावसाळ्यात घारापुरीचं तिकीट घरून काढून ठेवू नका, ही माझी विनवणी आहे. समुद्र खवळला की लाँच बंद होतात, आणि लाँच बंद झाली म्हणून लेण्याचे पैसे परत मिळत नाहीत. आधी लाँच सुटते का ते पाहा, मग तिकीट काढा. दोन सरकारी खाती आणि लाँचचा एक धक्का यांना एका क्यूआर कोडवर आणणं आजच्या काळात अशक्य नाही, पण अजून कुणी ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: व्हिडिओ कॅमेऱ्याचे 25 रुपये, आणि अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश अजिबात नाही. ट्रायपॉड लावून प्री-वेडिंग शूट करायचं असेल तर प्रवेशाच्या तिकिटावर भागत नाही, खात्याची आगाऊ परवानगी लागते.

राहिला पैशांचा प्रश्न. खात्यातून रक्कम गेली आणि तिकीट आलंच नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. दहा मिनिटं थांबा, ईमेल आणि स्पॅम फोल्डर दोन्ही बघा. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडून बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, कारण बँक आधी तोच विचारते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे व्यवहार पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. 35 रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका, सहाव्या दिवशी यूटीआर टाकून बँकेच्या ॲपवर तक्रार नोंदवा.