रंगकर्मीचे आत्मकथन

रंगभूमीवर वावरलेल्या कलावंताने, किंवा त्याच्या घरच्या माणसाने, पडद्याआडचा संसार न लपवता सांगितलेली जीवनकथा. भूमिका, दौरे आणि मानपत्रे यांच्या आठवणी मराठीत भरपूर आहेत. कर्ज, दारू, विस्कटलेली लग्ने यांविषयी मोकळेपणाने बोलणारी पुस्तके त्या मानाने थोडी, आणि त्यांतली लक्षात राहणारी प्रामुख्याने स्त्रियांची आहेत.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या राम गणेश गडकरी रंगायतननंतर (१९७८) पालिकेने उभारलेल्या दुसऱ्या नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या गाजवणारे घाणेकर पेशाने दंतवैद्य होते, १९८६ साली अमरावतीत त्यांचे निधन झाले. त्यांची घरची बाजू वाचकांना कळली ती पत्नी कांचन घाणेकर यांच्या ‘नाथ हा माझा’मुळे. विवाहित नटाशी जुळलेले प्रेम, वयातले अंतर, कांचन यांच्या आई, अभिनेत्री सुलोचना यांचा विरोध आणि पुढे नवऱ्याचे मद्यपान हे सारे त्यात येते. भक्ती आणि तक्रार एकाच पानावर नांदतात, हेच या पुस्तकाचे बळ.

जुन्या नाटक मंडळ्यांत घर आणि कंपनी वेगळी नव्हती. बिऱ्हाड गावोगाव हिंडे, पंगत एकत्र बसे. त्यामुळे नट चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रात (साहित्य अकादमी पुरस्कार, १९५८) बलवंत संगीत मंडळीचे दिवसच घरच्या गोष्टींची जागा घेतात. खरा धक्का दिला हंसा वाडकरांनी. सिनेमा आणि रंगभूमी दोन्हीकडे वावरलेल्या या अभिनेत्रीने आपली कहाणी तोंडी सांगितली, शब्दांकन अरुण साधूंनी केले. ‘सांगत्ये ऐका’ हे शीर्षक त्यांच्याच १९५९ च्या तमाशापटावरून घेतले आहे. कोवळ्या वयातली कमाई, नवऱ्याचा जाच, व्यसन, घर सोडून जाणे, काहीच झाकलेले नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ला (१९७७) आधार याच पुस्तकाचा.

या लेखनातला एक प्रसंग ठरलेला असतो: घरात मृत्यू, तरी रात्री प्रयोग. व्यावसायिक नाटकात मानधन नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळते. प्रयोग रद्द झाला तर नटाबरोबर मेकअपमन, कपडेपटवाला आणि पडदा ओढणारा यांचीही नाइट बुडते. म्हणून तिसरी घंटा होते आणि नट उभा राहतो. बरीच पुस्तके इथे टाळी घेऊन पुढे सरकतात. त्या रात्री घरी कोण बसले होते, नातेवाइकांना कोणी कळवले, दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत कोणी सोडले, हे जिथे लिहिलेले असते तिथेच आत्मकथन खुले म्हणावे.

मोकळेपणाला कायद्यापेक्षा नात्यांची आडकाठी जास्त. हयात माणसे आद्याक्षराने येतात, पहिल्या बायकोचा उल्लेख एका ओळीत उरकतो, भावांमधल्या जागेच्या भांडणाला ‘काही कौटुंबिक कारणांमुळे’ एवढेच म्हटले जाते. पुष्कळदा मजकूर आधी दिवाळी अंकात लेख किंवा मुलाखत म्हणून येतो. घरातून फोन आले की पुस्तक होताना त्यातली नावे गळतात.