वन परिसंस्थाशास्त्राचे अध्यापन (पुणे)

जंगलातील झाडे, प्राणी, बुरशी, माती आणि पाणी यांचे परस्परसंबंध वर्गात व प्रत्यक्ष रानात शिकवण्याची पद्धत. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात (आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) व संलग्न महाविद्यालयांत हा विषय मुख्यतः वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि जैवविविधता या अभ्यासक्रमांतून येतो.

पुण्याची खरी प्रयोगशाळा म्हणजे पाऊस. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पडतो. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर, ताम्हिणी घाटात, त्याच्या कित्येक पट. त्यामुळे सकाळी शहरातल्या वेताळ टेकडीवरचे खुरटे काटेरी रान, वाटेत ऐन-सागाची पानझडी आणि घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे निमसदाहरित जंगल एका दिवसात दाखवता येते.

रानातले मुख्य काम ‘क्वाड्रॅट टाकणे’. दोरीने १० × १० मीटरचा चौकोन आखायचा, जमिनीपासून १.३७ मीटरवर प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा आणि अशा अनेक चौकोनांवरून घनता, वारंवारता (प्रजाती किती चौकोनांत आढळते) व प्रजातींचे महत्त्व काढायचे. हे वर्गात सोपे वाटते. घाटात उतार आडवा येतो : ३० अंशांच्या उतारावर दहा मीटर दोरी नकाशावर जेमतेम ८.६६ मीटर भरते. तोडीनंतर बुंध्यातून अनेक फुटवे फुटलेली अंजनी एक झाड धरायची की पाच, यावर गटागटांत वाद होतात; ते होऊ द्यावेत, कारण तोडीचा इतिहास त्याच फुटव्यांत असतो.

वेताळ टेकडीवरील गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) लागवड हा दुसरा चांगला धडा. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. लांबून टेकडी हिरवीगार दिसते, पण विविधतेचा निर्देशांक (प्रजाती किती आणि त्यांचे प्रमाण किती समतोल, याचा आकडा) काढला की आकडा घसरतो. हिरवे ते सगळे जंगल नव्हे, हे व्याख्यानापेक्षा या गणिताने लवकर पटते.

देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पुढे आणला. तेथे जाताना गावाची संमती घ्यावी लागते. नमुन्यासाठी फांदी तोडणे बहुतेक ठिकाणी वर्ज्य. हर्बेरियमऐवजी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाऐवजी) वहीतल्या चित्रांवर भागवावे लागते, आणि निरीक्षणाच्या दृष्टीने ते बरेच.

दुबळी बाजू वेळापत्रकाची. सहली बहुधा हिवाळ्यात निघतात. तोवर पावसाळी वनस्पती वाळलेल्या असतात. एका सहलीत जंगलाची स्थिती कळते, बदल कळत नाही. त्यासाठी झाडांना क्रमांकाच्या पट्ट्या ठोकून कायमचे चौकोन राखावे लागतात आणि तीच झाडे दरवर्षीच्या नव्या तुकडीने पुन्हा मोजावी लागतात.