टीसीएल, ओटी आणि कोकणातली बाव : विहीर शुद्धीकरणाची पार्श्वभूमी

मिरग लागला की ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलची, म्हणजे विहिरीचं पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची पोती येऊन पडतात आणि जलसुरक्षक वाडी-वाडीच्या विहिरी धरतो. गावोगाव दिसणारी चूक एकच. विहिरीत मूठभर पांढरी भुकटी फेकायची, ती पाण्यावर तरंगताना चार जणांना दिसली की काम झालं. ही सवय का लागली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पटकी (कॉलरा) पाण्यातून पसरते, हे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये मांडलं. तिचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. आपल्याकडे गावाच्या वेशीवर जरीमरीला गाऱ्हाणं घालण्याचे ते दिवस. १८९० च्या दशकात अर्नेस्ट हँकिन या जंतुशास्त्रज्ञाने साथीच्या काळात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. त्याची एक मोठी सोय होती : पाणी गुलाबी व्हायचं. रंग टिकला तर औषध शिल्लक आहे, उडाला तर पाण्यातल्या घाणीने खाल्लं, एवढं कुणालाही कळे. पण ते पटकीच्या जंतूपुरतंच बऱ्यापैकी चाले, इतर जंतूंवर फारसं नाही. शिवाय रंग आणि चव लोकांना नकोशी वाटे.

ब्लीचिंग पावडर त्याहून जुनी, मात्र ती कापडासाठी होती. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये १८९७ मध्ये मेडस्टोनला विषमज्वराच्या साथीत ती शहराच्या पाण्यासाठी वापरली गेली; १९०५ मध्ये लिंकनच्या साथीत तिच्याच जातीचं सोडियम हायपोक्लोराइट वापरलं. उष्ण, दमट हवेत ती लवकर मरते म्हणून जास्तीचा कळीचा चुना मिसळलेला प्रकार निघाला. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजेच आपलं टीसीएल. परमँगनेटचा गुलाबी रंग गेला तशी डोळ्यांना दिसणारी खूणही गेली. तिची जागा तरंगत्या भुकटीने घेतली, असं आमचं मत. खरी खूण ऑर्थोटोलिडिनची, म्हणजे ओटी चाचणीची : पावडरीतला क्लोरीन पाण्यात शिल्लक असेल तर त्याच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. पण ती बाटली कपाटात राहते.

मात्रेचा हिशोब पाण्याच्या घनफळावर चालतो. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये), गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १००० केलं की लिटर मिळतात. स्वच्छ पाण्याला दर १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर धरतात. आता कोकणातली गोम बघा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात १.५ मीटर पाणी असेल तर ते साधारण १०,६०० लिटर भरतं, आणि पावडर लागते २६ ते २७ ग्रॅम. जुलैत तेच पाणी ८ मीटरवर आलं की ५६,५०० लिटर होतं, आणि पावडर १४१ ग्रॅम. विहीर तीच, गरज पाचपटीहून जास्त. भिंतीवर एकदा रंगवलेला डोस जुलैत कुचकामी ठरतो. म्हणून दोरीला गाठी मारून त्या दिवशीचं पाणी मोजायचं.

त्यात जांभा दगड. सच्छिद्र, भेगांचा. वरच्या अंगाचं शेण, शोषखड्ड्याचं पाणी, तांबडा गाळ सगळं झिरपून आत येतं. विहिरीपासून १५ मीटर अंतर राखा, हा नेहमीचा नियम अशा जमिनीत पुरेलच असं नाही. गढूळ पाणी क्लोरीन खातं, म्हणून हिशोबातले २.५ ग्रॅम तिथे कमी पडतात. किती कमी, हे हॉरॉक्सच्या पेटीने (मात्रा ठरवायच्या चाचणी संचाने) काढता येतं : सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, त्यात पावडरच्या द्रावणाचे अनुक्रमे १ ते ६ थेंब, अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइड, जे क्लोरीन उरला असेल तर निळं होतं. ज्या पहिल्या कपात निळा रंग स्पष्ट दिसेल त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, ही ४५५ लिटरची मात्रा. तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला १३ च्या आसपास.

पावडर कोरडी फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही. जुलैतल्या त्या विहिरीला दोन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि ५ ते १० मिनिटं निवळू द्यायचं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतायची. खालचा चुना विहिरीत कधीच नाही. त्याने पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवायची. पाणी ढवळलं नाही तर औषध एकाच थरात राहतं. नंतर तासभर कुणी कळशी बुडवायची नाही. म्हणून रात्री, बायांचं पाणी भरून झाल्यावर हे काम करावं.

तासाने ओटी. पिवळा रंग पहिल्या १० सेकंदांत वाचायचा, तोच मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळा उरलेला क्लोरीन. लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरला तर पुन्हा मात्रा. पंधरा मिनिटांनी गडद झालेला पिवळा बघून खूश होण्यात अर्थ नाही, त्यात संयुक्त क्लोरीनही धरला जातो. सांडपाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीन जुळला की हेच होतं, म्हणजे उशिरा चढणारा रंग उलट शंकेला जागा देतो. आमांशाच्या अमिबाची पुटी (कवचातलं रूप) नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही, तिथे पाणी उकळूनच प्यावं. भातखाचरातल्या लेप्टोशी (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाशी) या पावडरीचा संबंध नाही.

साठवणीत कोकणाची हवाच वैरी. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं की ती ओल धरते, गुठळ्या होतात, वास मंदावतो. २० टक्क्यांखाली गेलेला नमुना असमाधानकारक धरतात. क्लोरीन ११ टक्क्यांवर आला तर तिप्पट पावडर लागेल, आणि चुनाही तेवढा वाढेल. घट्ट झाकणाचा डबा, अंधारी कोरडी जागा, एवढं पुरे.

रोजच्या खटपटीवर नागपूरच्या नीरी संस्थेने दुहेरी मडक्याची युक्ती काढली. १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू किंचित ओलवून आतल्या मडक्यात भरायची. त्याला काठाजवळ १ सेंटिमीटरचं भोक, बाहेरच्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर. बाहेरच्याचं तोंड प्लास्टिकने बांधून जोडी पाण्याखाली किमान १ मीटर सोडायची, कळशी आपटू नये म्हणून. दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू सुटत राहतो. पण हा हिशोब साधारण ४,५०० लिटरच्या, दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या घरगुती विहिरीचा. गणपतीत चाकरमानी येतात, पाच माणसांच्या घरात पंचवीस होतात आणि उपसा कुठल्या कुठे जातो. त्या दिवसांत मडक्यावर विसंबू नये. रोज रात्री पाणी मोजून बादलीनेच मात्रा द्यावी आणि सकाळी पहिल्या कळशीआधी पुन्हा ओटी बघावी.