लष्कराच्या भाकऱ्यांचे पीठ

‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो’ असे म्हणून समाजकार्य करणाऱ्याला चिडवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण पीठ कोणाचे आणि किती दिवस पुरायचे, हे कोणी विचारत नाही. प्रामाणिक कार्यकर्त्याच्या अडचणी म्हटले की सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेले शेण आठवते, २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात झालेली डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या आठवते. तो धोका खराच. तरीही काम सोडून गेलेल्यांत मार खाऊन गेलेले थोडे. पस्तिशीत घरभाडे, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे यांपुढे हरलेले फार. कार्यकर्त्याने जगायचे कशावर, या प्रश्नाला महाराष्ट्राने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली. आजच्या बऱ्याच अडचणी त्या उत्तरांतूनच निघाल्या आहेत.

पहिले नीट विचार करून दिलेले उत्तर १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि मोजक्या पगारात भागवायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर ही बांधिलकी पत्करली. पण वेतनवाढ द्यावी का, सदस्यांनी बाहेरची कामे करावीत का, बाहेरून पैसे मिळवावेत का, यावरून थोड्याच वर्षांत तंटे सुरू झाले. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्यामागच्या कारणांत हा वाद ठळक होता. त्यागाची व्याख्या लिहून ठेवली नाही तर मोठी माणसेही त्यावरून भांडतात, हे तेव्हाच दिसले.

गोखल्यांनी धडा घेतला असावा. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन करताना त्यांनी सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा ठेवल्या. संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानायचे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, अशी त्यांतली एक होती. म्हणजे व्रत दोन्ही बाजूंचे: सदस्याने जास्त मागायचे नाही, संस्थेने घर उघड्यावर टाकायचे नाही. शिवाय सुरुवातीला पाच वर्षे शिकाऊ उमेदवारी. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू करणारे नारायण मल्हार जोशी याच समाजाचे सदस्य. महर्षी कर्व्यांनी १९०८ मध्ये काढलेला निष्काम कर्ममठही याच वळणाचा. या रचनेला मर्यादा होती ती शिकलेल्या, घरचा थोडाफार आधार असलेल्या पुरुषांची. घर चालवणाऱ्या बायकोचे श्रम कोणत्याच हिशेबात नव्हते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्याची पावती कोणी फाडली नाही.

भाऊरावांकडे दुसरेही एक उत्तर होते, मुष्टिफंडाचे. घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे, ते गोळा करून वसतिगृहाच्या कोठारात जमा करायचे. यात देणारा रोज काम पाहतो. हिशेब चावडीवर विचारला जातो, कोणाला अहवाल पाठवावा लागत नाही. पण धान्याने एसटीचे तिकीट निघत नाही, आणि दुष्काळात, म्हणजे कामाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच, मूठ रिकामी होते.

स्वातंत्र्यानंतर कागद आला. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ही दुहेरी वाट आजही चालू आहे. इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती सविस्तर सांगायला हवी. विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. सुरुवातीचे सात जण बहुधा मित्र असतात. त्यांतले दोन शहरात जातात, एक वारतो, नवे तिघे ठरावाने येतात, आणि बदल अर्ज कोणी भरत नाही, कारण सगळे कामात असतात. सात-आठ वर्षांनी बँक सह्या मागते, देणगीदार कंपनी अनुसूची एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदवहीचा, उतारा मागते, तेव्हा कागदावर अजून मूळचे सातच जिवंत! मग विलंब माफीचा अर्ज, जुन्या सभांच्या नोटिसा, राजीनामे, मृत्यूचा दाखला असे सगळे उकरावे लागते. ज्याचे गावात चांगले चालले होते तो वर्षभर वकिलाच्या दारात. याला उपाय कंटाळवाणा आहे: सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठराव त्याच दिवशी इतिवृत्तात, आणि बदल अर्ज त्याच महिन्यात.

दुसरा घोळ मानधनाचा. विश्वस्ताने एक पैसाही घ्यायचा नसतो, अशी पक्की समजूत आहे. लहान संस्थेत मुख्य कार्यकर्ताच विश्वस्त असतो, म्हणून तो मानधन घेत नाही किंवा प्रवासखर्चाच्या नावाखाली घेतो. प्राप्तिकर कायदा विश्वस्ताला प्रत्यक्ष केलेल्या कामाचा वाजवी मोबदला नाकारत नाही. रक्कम अवाजवी ठरली तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. संस्थेच्या घटनेत तशी तरतूद, ठरावात कामाचे स्वरूप व रक्कम, त्या ठरावावर मतदान करताना संबंधित विश्वस्त बाहेर, आणि पैसे बँकेतून, इतके केले की लपवाछपवी उरत नाही. वडापच्या जीपचे बिल मिळत नाही हे लेखापरीक्षकालाही ठाऊक असते. तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि सही असलेले व्हाउचर त्याच संध्याकाळी लिहिले तर चालते. मार्च अखेरीस एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेली चाळीस व्हाउचरे मात्र लगेच ओळखू येतात.

१९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे तरुणांची नवी पिढी चळवळीत उतरली, आणि पूर्णवेळ कार्यकर्ता हा शब्द रुळला. त्यांना जगवण्यासाठी ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्यांनी नाटकाचे प्रयोग करून पैसे जमवले आणि मुद्दल ठेवून व्याजातून मानधन द्यायचे ठरले. कार्यकर्त्याला ना सरकारकडे हात पसरावा लागतो ना प्रकल्पाकडे, म्हणून मला ही कल्पना सगळ्यांत सरस वाटते. तिचा शत्रू व्याजदर. एक लाखावर १२ टक्के मिळत होते तेव्हा महिन्याला हजार रुपये सुटत, ६ टक्क्यांवर पाचशे. महागाई मधल्या काळात थांबलेली नाही.

परदेशी देणग्यांवर १९७६ चा कायदा आला, २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यात प्रशासकीय खर्चाला ५० टक्क्यांची मर्यादा होती. २०२० च्या दुरुस्तीने ती २० वर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा पैसा देण्यावर बंदी घातली. मोठ्या संस्थेकडून थोडेथोडके घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या गटांना याचा फटका सरळ बसला.

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च, आला: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला. प्रकल्प राबवणे आणि त्यावर देखरेख ठेवणे यांचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. तरी अनेक ठिकाणी ती मर्यादा संस्थेच्या गळ्यात बांधली जाते. दहा लाखांच्या प्रकल्पात ५ टक्के म्हणजे वर्षाला ५०,०००, महिन्याला सव्वाचार हजारांहून कमी. त्यात हिशेबनीस, जागा, वीज आणि लेखापरीक्षण. साहजिकच हिशेबही कार्यकर्ताच रात्री बसून लिहितो. अंदाजपत्रक मांडताना समन्वयकाचे मानधन आणि प्रवास ‘कार्यालय’ या सदरात न घालता प्रत्यक्ष कामाखाली, दिवस आणि गावे मोजून दाखवावे, म्हणजे वाटाघाटीला जागा राहते.

या सगळ्यात ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा सर्वांत चतुर वापर सरकारने केला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी सेविका मानधनावर नेमली गेली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा स्वयंसेविका’ आली, जिला पगार नाही, कामागणिक मोबदला. केलेल्या कामांचा तक्ता भरायचा, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाने तपासायचा, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही व्हायची, मग पैसे, तेही निधी आला असेल तर. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. ‘मानधन’ म्हटले की कायदेशीर देणे लागत नाही, या समजुतीला तिथे तडा गेला. आशांचा २००५ चा ‘स्वयंसेविका’ हा दर्जा मात्र कायम राहिला. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या सर्वेक्षणाचे काम अंगावर असताना, महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. तो मिटला तेव्हा पदरात पडली महिना १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता.